खुबा बदलल्यावर रुग्णाला काय विचारावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझा उजवा खुबा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया चांगली झाली आणि डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही नंतरच्या चारही तपासण्यांत जे घडले, त्याविषयी लिहावेसे वाटते. प्रत्येक वेळी एक्स-रे काढला गेला, सांधा जागच्या जागी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, पाय दोन-तीन दिशांना वळवून पाहिला आणि शेवटी ‘काही त्रास नाही ना?’ असे विचारले. बाहेर तीस जण ताटकळत बसलेले आणि समोर ज्याने आपल्याला चालते केले तो माणूस. अशा वेळी भिडेपोटी कोण काय बोलणार? मीही ‘बरं आहे’ म्हणून उठले. रात्री कुशीवर वळताना अजून जाग येते, एसटीची पहिली पायरी दांडा धरल्याशिवाय चढवत नाही, हे सांगायचे राहून गेले आणि कागदावर ‘प्रगती समाधानकारक’ अशी नोंद झाली.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिचाही खुबा नंतर बदलावा लागला. तिला शस्त्रक्रियेपूर्वीच एक प्रश्नावली भरायला दिली होती आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न टपालाने पुन्हा घरी आले. ‘ऑक्सफर्ड हिप स्कोअर’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न अवघे बारा आणि सगळे गेल्या चार आठवड्यांविषयीचे: दुखते किती, जिना चढता येतो का, जेवण झाल्यावर खुर्चीतून उठताना कळ येते का, लंगडता का, रात्री अंथरुणात वेदना होतात का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त 48; गुण जितके जास्त, तितका खुबा बरा. त्याआधीपासून रूढ असलेला 1969 चा ‘हॅरिस हिप स्कोअर’ शल्यचिकित्सक भरत. इथे गुण रुग्ण स्वतः देतो, हा महत्त्वाचा फरक. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल 2009 पासून ही पद्धत खुबा व गुडघा बदलणाऱ्या रुग्णांसाठी देशभर लागू केली. स्वीडनमध्ये देशभरातल्या खुबाबदल शस्त्रक्रियांची नोंद ठेवणाऱ्या नोंदवहीने तर 2002 मध्येच रुग्णांना असे विचारायला सुरुवात केली होती.

मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. वजाबाकीला दोन संख्या लागतात, हे पाचवीतल्या मुलालाही कळते. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस निदान तोंडी तरी होते. आधीची स्थिती मात्र रुग्णाच्या शब्दांत कुठेच नोंदलेली नसते, आणि वर्षभराने आठवून सांगायचे म्हटले तर जुन्या दुखण्याचे माप मनात एक तर फुगलेले असते किंवा पुसलेले. इंग्लंडच्या प्रकाशित आकड्यांनुसार खुबा बदलल्यावर हे गुण सरासरी वीसहून अधिक वाढतात आणि शंभरातील सुमारे 97 जणांच्या गुणांत काही ना काही वाढ दिसते. मात्र त्याच रुग्णांना आपली एकूण प्रकृती शून्य ते शंभर या पट्टीवर दाखवायला सांगितले, की सुधारणा दाखवणारे जेमतेम दोन-तृतीयांश उरतात. यात विसंगती नाही. खुबा सुधारला तरी दुसरा गुडघा, मधुमेह आणि वय आपापल्या जागी असतातच. पण कोणता प्रश्न विचारला यावर यशाचा आकडा किती हलतो, हे यावरून दिसते.

म्हणूनच ही प्रश्नावली नुसती मराठीत उतरवून भागणार नाही. तिच्यात पायमोजे घालता येतात का, असा एक प्रश्न आहे. माझ्या ओळखीतल्या किती आजी पायमोजे घालतात? आमचे प्रश्न वेगळे आहेत. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसता येते का, पंगतीत मांडी घालता येते का, देवापुढे खाली बसून आधाराशिवाय उठता येते का. त्यातही एक मेख आहे. खुबा निखळू नये म्हणून अनेक डॉक्टर खाली बसायलाच मनाई करतात. मग ‘मांडी घालता येत नाही’ या उत्तराचा अर्थ सांधा वळत नाही असा घ्यायचा, की रुग्ण आज्ञाधारक आहे असा? मला स्वतःला आजही ठाऊक नाही, कारण मी भीतीने कधी प्रयत्नच केलेला नाही. या दोन उत्तरांना वेगवेगळे रकाने हवेत. नाही तर पथ्य पाळणाऱ्या रुग्णाचे गुण विनाकारण कापले जातील. शिवाय आपल्याकडे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याने तिशी-चाळिशीतच सांधा बदलावा लागणारे रुग्णही पुष्कळ आहेत. त्यांना पाय दुखतो का यापेक्षा पुन्हा कामावर उभे राहता येते का, हे विचारणे अधिक मोलाचे.

विचारणारा कोण, हेही ठरवावे लागेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्याच कक्षात त्यांच्याच सहायकाने विचारले, तर माझ्यासारख्या अनेकींचे ‘बरं आहे’ कागदावर चढेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना प्रश्न जसेच्या तसे, उत्तर न सुचवता, तिऱ्हाईत व्यक्तीने वाचून दाखवावेत. फोनवरूनही ते जमेल. ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांची संख्याही सोबत छापावी. अंथरुणाला खिळलेला माणूस तपासणीला येत नाही, फोनही उचलत नाही, आणि सरासरी मात्र त्याच्यावाचून छान दिसते. वयोवृद्ध आणि इतर आजार असलेले रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाची तुलना निवडक रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाशी थेट करणेही अन्यायाचे होईल. इंग्लंडमध्ये तुलनेपूर्वी हा फरक हिशेबात धरतात.

शासकीय आरोग्य योजनांतून ज्या सांधेबदल शस्त्रक्रियांचे पैसे दिले जातात, तिथून सुरुवात करता येईल. दाव्याच्या कागदपत्रांत आधीचा व नंतरचा एक्स-रे असतो, तसे रुग्णाने आधी आणि नंतर दिलेले गुणही जोडायला सांगावेत. रुग्णाची पंधरा मिनिटे आणि दोन कागद, यापलीकडे त्याला फारसे काही लागणार नाही.

बहिणीने पाठवलेले बारा प्रश्न मी परवा स्वतःच सोडवले. पायमोज्यांचा प्रश्न अंदाजाने भरून 39 गुण झाले. दोन वर्षांपूर्वी किती होते, ते मात्र माझ्या जाडजूड फायलीत कुठेच नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा