ईमेल लिहायला लावा, व्याख्या नको

संपादक साहेब, नमस्कार. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी आपली लेकरं हुशार आहेत पण साधा ईमेल लिहायचा म्हटलं की अडतात, अन् दोष त्यांचा नाही, बी.कॉम., बीबीएचा बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर अजून बऱ्याच ठिकाणी व्याख्या अन् 'चांगल्या पत्राचे गुण लिहा' यावरच चालतो, गाईड पाठ केलं की पास. २०२० चं शैक्षणिक धोरण सतत मूल्यमापन करा म्हणतं, मग इंटर्नलचे मार्क नुसत्या सबमिशनच्या वहीवर कशाला वाटायचे? चिडलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार हातात द्या, उत्तर लिहायला लावा, सरांनी खुणा करून परत द्यावं, पोरानं सुधारून पुन्हा लिहावं अन् मार्क त्या दुसऱ्या खर्ड्यालाही द्यावेत, खरं शिकणं तिथंच होतं. मार्क कशाकशाचे हे आधीच सांगून टाका. मराठी मिडियमच्या पोरांच्या नुसत्या स्पेलिंग मोजत बसू नका, समोरच्याला मुद्दा कळला का ते आधी बघा. वर्ग मोठा असला की हे जड जातं, मान्य, पण त्यासाठी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन देऊन नेमलेल्या शिक्षकांवर, भागवणं बंद करून पूर्णवेळ प्राध्यापक भरायला पाहिजेत, अन् ही मागणी आपल्या विद्यापीठांनी सरकारकडं लावून धरावी.

एक पालक, परभणी