एक्सएसएलटी शिकवा, पण १९९९ ची नको

महोदय,

पुस्तके, नियतकालिके, शब्दकोश यांचा मजकूर एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावणाऱ्या रूपात) ठेवून त्यातून वेबपान किंवा ई-पुस्तक तयार करण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा वापरतात. तिची १.० आवृत्ती १९९९ ची. २००७ मध्ये २.० आली, २०१७ मध्ये ३.०. तरीही शिकणारा अनेकदा १.० पाशीच अडकतो, कारण तो ब्राउझरमध्ये सराव करतो आणि ब्राउझरला १.० च्या पुढचे काही कळत नाही. लिनक्सवर सहज मिळणाऱ्या एक्सएसएलटीप्रॉक या प्रोसेसरचेही, म्हणजे ही भाषा चालवणाऱ्या प्रणालीचेही, तेच. फाइलच्या डोक्यावर ३.० लिहिले म्हणून प्रोसेसर बदलत नाही. नवी आज्ञा आली की तो अडतोच. म्हणून पहिल्याच दिवशी ३.० जाणणाऱ्या सॅक्सन या प्रोसेसरची मोफत एचई आवृत्ती बसवावी.

पहिला धडा गटवारीचा घ्यावा. लेखसूची लेखकवार लावायची, तर १.० मध्ये ‘की’ आणि ‘जनरेट-आयडी’ यांची कसरत करावी लागते आणि ती का चालते हे समजावण्यातच नवख्याचा दिवस जातो. २.० पासून ‘फॉर-ईच-ग्रुप’ लिहून ‘ग्रुप-बाय’मध्ये ‘लेखक’ दिले की झाले. त्यानंतर ३.० चा ‘मोड’ शिकवावा. ‘ऑन-नो-मॅच’ला ‘शॅलो-कॉपी’ सांगितले, की बदलायचे तेवढ्याचेच टेम्प्लेट (त्या भागाचे काय करायचे ते सांगणारा नियम) लिहायचे आणि बाकी दस्तऐवज जसाच्या तसा पुढे जातो. मजकुरातच महिरपी कंसात सूत्र लिहू देणारे ‘एक्स्पांड-टेक्स्ट’ही सोयीचे आहे, फक्त सीएसएसचे (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांचे) महिरपी कंस त्यात दोनदा लिहावे लागतात, नाहीतर प्रोसेसर त्यांना सूत्र समजतो.

जुन्या फाइली नव्या आवृत्तीत आणताना मात्र खरी काळजी घ्यावी लागते, कारण काही चुका गुपचूप होतात. एका लेखाचे तीन लेखक असतील, तर १.० चे ‘व्हॅल्यू-ऑफ’ फक्त पहिले नाव छापते, २.० पासून तेच तिन्ही नावे, मध्ये जागा सोडून, छापते. पहिलेच हवे तर चौकटी कंसात १ लिहावे, सगळी हवी असतील तर ‘सेपरेटर’मध्ये स्वल्पविराम द्यावा. तुलनेचेही तसेच. स्कीमा (कोणती किंमत संख्या, कोणती मजकूर हे ठरवणारा आराखडा) नसताना दोन अॅट्रिब्यूट (खुणेतच लिहिलेल्या किमती) लहान-मोठी पाहायला ताडली, तर १.० त्यांना संख्या मानते, नवी आवृत्ती मजकूर मानते. मग ९ हे १० पेक्षा मोठे ठरते. चूक दाखवणारी एकही ओळ पडद्यावर येत नाही. दोन्ही बाजूंना ‘नंबर’ लावणे हाच उपाय.

मराठी कोश किंवा सूची करणाऱ्यांनी क्रमवारीकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोडमध्ये (संगणकातील अक्षरांच्या क्रमांक-यादीत) ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या युनिकोड क्रमाने ‘बल, बळ, बस’ अशी यादी निघते. कोशात ती ‘बल, बस, बळ’ अशी हवी. ३.० मध्ये युनिकोडची क्रमपद्धती मराठी भाषेच्या ‘एमआर’ खुणेसह मागता येते. ती उपलब्ध नसेल तर प्रोसेसर न सांगता दुसरी वापरतो. सॅक्सनच्या मोफत आवृत्तीत ती पूर्ण सोय नाही, त्यामुळे तिथे हा धोका जास्त. तेव्हा ‘फॉलबॅक’ला (दुसरी पद्धत वापरण्याच्या परवानगीला) ‘नो’ द्यावे म्हणजे निदान चूक तरी समोर येते, आणि छपाईपूर्वी हेच तीन शब्द लावून पाहावेत.

मोठ्या फाइली तुकड्या-तुकड्याने वाचणारे ‘स्ट्रीमिंग’ सॅक्सनच्या सशुल्क ईई आवृत्तीतच मिळते. त्याचे नियमही कडक आहेत, ते शेवटी शिकवले तरी चालेल.

प्रकाशन आणि मुद्रणाचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना कळकळीची विनंती, की थेट ३.० पासून सुरुवात करावी आणि १.० चा परिचय जुन्या फाइली वाचता येण्यापुरता ठेवावा.

आपला,
एक वाचक, पुणे