कोळशात भुसा मिसळला, आता धूरही मोजा

मा. अध्यक्ष, मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ, भोपाळ यांस

स.न.वि.वि.

मी इंदूरचा, सांवेर रोडच्या मागच्या वस्तीत राहणारा. उभी हयात बॉयलरपुढे गेली, फर्स्ट क्लास अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. आमच्या गच्चीवर पूर्वी काजळी पडायची. हल्ली वाळत घातलेल्या पापडांवर करडी, हलकी राख येते, फुंकर मारली की उडते. घरचे म्हणतात, काळी नाही ना, मग झालं तर!

छोट्या कारखान्यांत आता कोळशाबरोबर सोयाबीनचं भुसकट, शेंगांची टरफलं, भुसा दाबून केलेले ठोकळे म्हणजे ब्रिकेट सर्रास जाळतात. त्यात वाईट काही नाही. भुशात गंधक नावालाच, त्यामुळे सल्फर डायऑक्साइड खरोखर उतरतो. काडीकचरा शेतात पेटवण्यापेक्षा भट्टीत गेलेला बरा.

पण भुशात पोटॅशियम आणि क्लोरीन असतं. भट्टीत त्यांची वाफ होते, पुढे गार होताना तिचे मिठासारखे कण बनतात, 1 मायक्रॉनहूनही बारीक. सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारं यंत्र, जाड राख धरतो, हे कण त्याला दाद देत नाहीत. तिथे धूर कापडी पिशव्यांतून गाळणारा बॅग फिल्टर हवा. शिवाय कोळसा दमानं जळतो, तर भुशाचा बहुतेक भाग पेटताक्षणी वायू होऊन सुटतो. कोळशाच्या बेतानं सोडलेली हवा त्याला पुरत नाही. त्यातून माल ओला असला की कार्बन मोनॉक्साइड आणि तो डोळे चुरचुरवणारा धूर. आमच्यासारख्यांना तो वासावरूनच कळतो.

केंद्रानं औष्णिक वीजकेंद्रांना 2024-25 पासून 5 टक्के आणि 2025-26 पासून 7 टक्के बायोमास मिसळायला सांगितलं. तिथे विजेच्या भारानं बारीक धूळ ओढून धरणारे मोठे ईएसपी आहेत, प्रमाणही ठरलेलं. आमच्याकडे आज 10 टक्के, उद्या 60. जो माल स्वस्त पडेल तो.

आता एक कबुली देतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तपासणीची तारीख कळली की आम्ही सकाळपासून निवडक कोळसा घालायचो, लोड एकसारखा ठेवायचो. चिमणीचा रिपोर्ट झकास यायचा. ती लबाडी मीही केली आहे.

म्हणून मागणी एवढीच, की चिमणीची मोजणी रोजचं मिश्रण जळत असतानाच व्हावी, रिपोर्टवर त्या दिवशीचं कोळसा-भुशाचं प्रमाण लिहावं, आणि भुसा जाळायचा असेल तर नुसत्या सायक्लोनवर परवानगी देऊ नये. आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, 2025 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही पहिलं आलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण ते बक्षीस गच्चीवरच्या पापडांना कोण सांगणार?

तपासणीला माणसं पाठवाल तर आधी कळवू नका, आणि रात्री दोननंतर पाठवा. गच्चीचं दार उघडं ठेवतो. चहा आमच्याकडे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त बॉयलर अटेंडंट, इंदूर