दूध बिलाच्या एक्सेलसाठी ताईंचे मनापासून आभार

ताई, नमस्कार. फोनवर धन्यवाद म्हणून झालं होतं, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची माझी ओळख पण नव्हती, टँकरवाल्या दादांनी नंबर दिला, तुम्ही दुसऱ्या तालुक्यातल्या दूध संस्थेत हिशोब बघता एवढंच माहीत होतं, आणि तुम्ही संध्याकाळचं संकलन संपवून आमच्यासाठी फोन धरून बसलात.

बाकीच्यांना कळावं म्हणून आधी काय झालं ते सांगतो. आमच्या संस्थेत दोन कॉम्प्युटर. संकलनाच्या मशीनमधून सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने वेगळा केलेला साधा मजकूर, जो एक्सेलमध्ये उघडतो) निघते, त्यात तारीख, सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असतं. तोच डेटा बिलाच्या शीटमध्ये टाकला की दरपत्रकातून दर येतो, सम-इफ्सने (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारा फॉर्म्युला) दहा दिवसांचं लिटर आणि रक्कम निघते, त्यातून पशुखाद्य आणि ॲडव्हान्स कापून बिल तयार. मार्चचं बिल आतल्या कॉम्प्युटरवर बरोबर येत होतं आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर 1 ते 10 च्या बिलात प्रत्येक सभासदाचं एकाच दिवसाचं दूध धरलं जात होतं, 11 ते 20 च्या बिलात तर सरळ शून्य, आणि 13 तारखेपासून पुढे तारखेत दिवस मिळवायच्या कॉलममध्ये व्हॅल्यू एरर (आकड्याच्या जागी मजकूर आला की दिसते ती). फॉर्म्युला तोच, फाईल तीच. ज्याला दाखवलं तो म्हणायचा फॉर्म्युला नव्याने लिहा, एकाने तर ऑफिस काढून परत टाकायला सांगितलं.

तुम्ही फॉर्म्युल्याला हातच लावू दिला नाहीत. पहिला प्रश्न तुमचा होता की हा कॉम्प्युटर मध्ये कधी फॉरमॅट मारून आणलाय का. आणला होता. मग तुम्ही म्हणालात की 5 मार्चच्या तारखेवर क्लिक करा, फॉरमॅट जनरल करा आणि दोन्ही कॉम्प्युटरवर काय आकडा दिसतो तो मला वाचून दाखवा. आतल्या कॉम्प्युटरवर 45721 आला, काउंटरवरच्यावर 45780. तिथेच तुम्हाला सगळं कळलं आणि तुम्ही न कंटाळता मलाही समजावलंत, की एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे 1 जानेवारी 1900 पासून मोजलेला दिवसाचा नंबर असतो, 45721 म्हणजे 5 मार्च 2025 आणि 45780 म्हणजे 3 मे 2025. विंडोज नव्याने टाकताना रीजन अमेरिकेचं राहिलं होतं आणि तिकडे महिना आधी, दिवस नंतर. त्यामुळे 05-03-2025 ला त्याने मे महिन्याची 3 तारीख समजलं आणि स्क्रीनवर 5/3/2025 असं दाखवलं, जे आपण सगळे 5 मार्च म्हणूनच वाचणार! कुणाच्याच लक्षात न येण्याचं कारण हेच होतं, डोळ्याला सगळं बरोबर दिसत होतं.

आणि मग एकेक गोष्ट जुळत गेली. 1 ते 10 मध्ये फक्त 3 तारखेचं दूध का धरलं गेलं, तर 03-03 उलटं केलं तरी 03-03 च राहतं, बाकीचे दिवस जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल असे कुठे कुठे जाऊन पडले होते. 11 आणि 12 तारीख नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेली. 13 पासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे एक्सेलने ती तारीख म्हणून घेतलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली, म्हणून ती सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेली दिसत होती, सम-इफ्सने ती सोडून दिली आणि बेरीज करायला गेलं की एरर. मी एवढी वर्षं एक्सेल वापरतोय पण डावीकडे चिकटलेली तारीख ही खूण असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे, तुम्ही मला काउंटरवर सेव्ह केलेली बिलाची फाईल पाठवू दिली नाहीत, मूळ सीएसव्ही मागितलीत. कारण सीएसव्ही उघडतानाच तारखेचा अर्थ लावला जातो, एकदा एक्सेल फाईल म्हणून सेव्ह झाली की चुकलेला नंबर पक्का होतो आणि मग ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, चूकच दिसणार. म्हणजे ती फाईल घेऊन आम्ही दहा जणांकडे फिरलो असतो तरी सगळे म्हणाले असते की फॉर्म्युलाच चुकलाय.

दुरुस्ती दोन मिनिटांची निघाली. विंडोजचं बटण आणि आर दाबून आयएनटीएल डॉट सीपीएल टाईप केलं, फॉरमॅट इंग्लिश इंडिया केला, एक्सेल बंद करून सीएसव्ही नव्याने उघडली, सगळी बिलं जागेवर. एक्सेलच्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये तारखेला डीएमवाय (आधी दिवस, मग महिना, मग वर्ष) निवडायचं पण तुम्ही शिकवलंत आणि लगेच बजावलंत की मजकूर झालेल्या तारखाच त्याने सुधारतात, उलटलेल्या 1 ते 12 तारखा नाही, त्यासाठी मूळ फाईलकडेच जायचं. हे बजावलं नसतं तर अर्धा महिना बरोबर आणि अर्धा चूक असं काहीतरी झालं असतं.

जाता जाता तुम्ही अजून सांगितलंत ते पण लिहून ठेवलंय. एकाच कॉम्प्युटरवर नेम एरर (फॉर्म्युल्याचं नाव एक्सेलला ओळखता आलं नाही की येते ती) आली तर ऑफिस कुठलं ते बघायचं, एक्सलुकअप हा माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला 2016 आणि 2019 मध्ये नाही. एररच नाही पण आकडे जुनेच दिसतायत तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर (म्हणजे आपण सांगितल्याशिवाय हिशोब नव्याने न होण्यावर) गेलंय का बघायचं, कारण आधी उघडलेल्या दुसऱ्या फाईलमुळे पण ते बदलतं. आणि जर्मनीतल्या तुमच्या भावाच्या लॅपटॉपवर फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो हे तर मला नवीनच होतं.

ताई, आमच्याकडे बरेच सभासद दोन-तीन गायीवाले आहेत, दहा दिवसांच्या बिलावर त्यांचा किराणा आणि मुलांची फी चालते. एका दिवसाच्या दुधाचं बिल हातात पडलं असतं तर संस्थेवरचा विश्वास गेला असता, आणि तो परत मिळवायला आम्हाला किती त्रास झाला असता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून बिलं वाटली का विचारलंत.

तुम्ही सांगितलेलं सगळं मी मराठीत टाईप करून तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलंय. आजूबाजूच्या संस्थांना द्यायचा विचार आहे, तेव्हा सवडीने एकदा नजर टाका, कुठे काही सुटलं असेल तर सांगा. आणि वार्षिक सभेला आमच्याकडे नक्की या, चेअरमनसाहेबांनी पण खास सांगितलंय.