लोकप्रशासन वर्गाबाहेरही शिकवा

महोदय,

राज्यशास्त्र, लोकप्रशासन घेणारी बहुतेक मुले एमपीएससीवर डोळा ठेवून येतात. त्यात वावगे काही नाही. पण ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांच्या कामांचे १८ विषय आले, हे घडाघडा सांगणाऱ्याला आपला प्रभाग कोणता ते ठाऊक नसते. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार नगरसेवकांऐवजी प्रशासकाकडे गेला. महासभा व स्थायी समितीचे अधिकार तेव्हा एकाच खुर्चीत आले! अभ्यासाला याहून जिवंत प्रकरण कोणते? गाइडमध्ये ते सापडायचे नाही. प्राध्यापकांनी मुलांना महापालिका मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, महासभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसवावे, महापालिकेचे अंदाजपत्रक वर्गात वाचावे, सिन्नर-दिंडोरीच्या एखाद्या ग्रामसभेचे इतिवृत्त लिहून घ्यावे आणि त्यालाच अंतर्गत गुण द्यावेत.

– एक पालक, नाशिक