छतातल्या स्पीकरची झाकणे : काकांना एक उघड आभारपत्र

दांडिया बाजार, बडोदे

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आभार मानायला मी आपल्या दारी आलो, तेव्हा आपण "त्यात काय एवढे" असे म्हणून विषय चहावर नेलात. म्हणून आता सर्वांसमक्ष लिहीत आहे. आमच्या मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, छतातील स्पीकरची झाकणे काढताना आपण वेळेवर आला नसतात, तर त्या छताचे मी वाटोळे केले असते, हे मला घरच्यांसमोरही मान्य करावे लागले आहे.

पावागढहून परतताना मागच्या डाव्या स्पीकरमधून खरखर येऊ लागली होती. हळू आवाजात ती कळत नसे, पण डग्गा घुमला की सुपात चणे पाखडावेत तसे ऐकू येई. झाकणावर स्क्रू कोठेच दिसेना, तेव्हा मी चपटा स्क्रूड्रायव्हर कडेखाली घालून जोर लावला. त्यात झाकणाची एक खुंटी तुटली आणि छताच्या रेक्झिनवर नखाएवढा वण उमटला, तो आजही आहे. एका दुकानदाराने तर सगळे छत उतरवावे लागेल असे सांगून असा आकडा बोलून दाखवला, की मी टेप कायमचा बंद ठेवण्याचा विचार करू लागलो.

आपण आलात आणि पहिली दहा मिनिटे हत्याराला हातच लावला नाहीत. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून झाकणाची कड पाहिलीत, नख फिरवलेत, आणि मग रबरी हातमोजे घालून दोन्ही तळव्यांनी झाकण हलकेच डावीकडे वळवून पाहिलेत. कारण काही झाकणे फिरकीची असतात आणि ती ओढली की मोडतात. आमचे वळले नाही, म्हणजे ते खुंट्यांवर दाबून बसवलेले आहे, असा आपण निर्णय दिलात. 1890 साली सयाजीराव महाराजांच्या काळात निघालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत आपण शिकलात, हे मला ठाऊक होते; पण तेथे पहिले काही महिने नुसती कानस चालवायला लावत, ही हकिगत त्या दिवशी झाकणाकडे पाहत उभे असताना प्रथमच ऐकली.

पुढचे सर्व आपण माझ्याकडून करवून घेतलेत. टेपचा फ्यूज काढला, झाकणाभोवती कागदी चिकटपट्टी लावली, आणि उन्हाने कडक झालेले जुने प्लास्टिक नरम पडावे म्हणून केस वाळवायचे यंत्र वीतभर अंतरावरून कडेकडेने फिरवले. मग आपण आईकडे बारीक दोऱ्याची क्रोशाची सुई मागितलीत. ती जाळीच्या अगदी कडेच्या छिद्रातून, खुंटीच्या जवळ, आत घालून सरळ खाली ओढायला सांगितलेत. मधल्या छिद्रातून ओढले असते, तर जाळीला पोक आला असता. 'टक्' असा आवाज झाला, मग समोरच्या बाजूने दुसरा, आणि झाकण माझ्या हातात आले. त्या आवाजाने झालेला आनंद या वयात सांगायला थोडा संकोच वाटतो.

आत स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड कुजून काळी भुकटी झाली होती. खरखर तिचीच होती. रावपुऱ्यातून सव्वापाच इंची, 4 ओहमचा नवा स्पीकर आणायला पाठवताना छत आणि पत्रा यांमधली खोली आपण मला पट्टीने मोजायला लावलीत. ती मोजली नसती, तर दुकानात दाखवलेला पहिलाच स्पीकर मी घेऊन आलो असतो आणि त्याचे चुंबक वर पत्र्याला टेकले असते. तारांच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, म्हणून आपण दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून दाखवलात: शंकू बाहेर सरकला, तर सेलची धन बाजू जेथे लागली तीच स्पीकरची धन बाजू. एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर चौघांचा मिळून खर्ज पातळ होतो, हेही मला तेव्हाच कळले.

छताचा प्लाय जेमतेम 3 मिलिमीटरचा, त्यामुळे जुन्या स्क्रूंची भोके ढिली झाली होती. आपण आतून प्लायचे लहान तुकडे चिकटवलेत आणि आखूड स्क्रूच वापरायला बजावलेत, कारण वर दिव्यांच्या तारा आहेत. तुटलेल्या खुंटीला मी फेव्हिक्विक काढले, तेव्हा आपण माझा हात धरलात. "परत काढायचे आहे ना रे?" एवढेच म्हणालात. त्याऐवजी त्या जागी सिलिकोनचा एक थेंब लावला आणि कडेखाली फोमची पातळ पट्टी दिली, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी झाकण वाजणार नाही आणि कोणाच्या डोक्यावरही पडणार नाही. बसवताना अंगठा बरोबर खुंटीवर दाबायचा, जाळीवर नाही, हे आपण तीन वेळा सांगितलेत. तिसऱ्यांदा सांगण्याची गरज होती.

मोबदला आपण घेतला नाहीत, सेव-उसळीची एक प्लेट मात्र आनंदाने खाल्लीत. त्यानंतरच्या रविवारी उरलेल्या तीनपैकी दोन झाकणे मी एकट्याने उतरवून, आतली धूळ झाडून परत बसवली, आणि एकही खुंटी तुटली नाही. चौथे, चालकाच्या डोक्यावरचे, थोडे अडून बसले आहे. ते मी ओढलेले नाही. आपण सवडीने येईपर्यंत तसेच राहील.

आईची क्रोशाची सुई अजून गाडीच्या हत्यारपेटीतच आहे. तिने ती दोनदा मागितली असून, आपण मागितलीत म्हणून दिली, मला दिली नव्हती, असे तिचे म्हणणे आहे.

आपला कृपाभिलाषी,
समोरच्या वाड्यातला, मोटारहोमवाला