‘ऑल-इन’ला कॉल करण्याआधीचा हिशेब

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पोकर स्पर्धांवरील लेखात, समोरच्याने ‘ऑल-इन’ केल्यावर, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स पणाला लावल्यावर, पाने टाकून देणाऱ्याला भित्रा ठरवले आहे, याचे वाईट वाटले. मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवरील स्पर्धांत मी काही वर्षे खेळत आहे आणि याच समजुतीपायी चांगले नवखे खेळाडू बाहेर पडलेले पाहिले आहेत.

रोख खेळात पॉटमध्ये, म्हणजे डावावर जमलेल्या रकमेत, किती आहे आणि कॉलला, म्हणजे समोरच्याइतकेच लावायला, किती लागतात, एवढे गुणोत्तर पुरते. स्पर्धेत पैसे चिप्सना नाही, क्रमांकाला मिळतात. समजा, चार जण उरले आहेत, चौघांकडे सारख्या चिप्स आहेत आणि बक्षिसे तिघांनाच, ५०, ३० व २० टक्के अशी आहेत. प्रत्येकाचा वाटा सरासरी २५ टक्के झाला. कॉल करून तुम्ही जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण चिप्सवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढण्याच्या ‘आयसीएम’ या रूढ पद्धतीने मोजलेला वाटा जेमतेम ३८ टक्क्यांवर जातो, आणि हरलात तर हाती काहीच उरत नाही. म्हणजे ब्लाइंड (पाने वाटण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) बाजूला ठेवले तर कॉल परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता ६५ टक्क्यांहून अधिक हवी. बदामाचा एक्का आणि किलवरची राणी ही जोडी कोणत्याही दोन पानांपुढे साधारण ६४ टक्केच टिकते. समोरचा पाने न बघता चिप्स पुढे सारत असला, तरी ती टाकलेलीच बरी.

एका स्पर्धेत चौघे उरलेले असताना मी मात्र ती टाकली नव्हती. शेजारच्याकडे दोन ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्या होत्या, थोडे थांबलो असतो तर बहुधा तोच आधी गेला असता. पण मी कॉल केला, समोरून एक्का-राजा निघाला आणि मी चौथा, बक्षिसाविना उठलो. ऑल-इन करणाऱ्याला समोरचे घाबरून पाने टाकतील ही एक जादा आशा असते, कॉल करणाऱ्याला ती नसते, हे मला त्या रात्री पुरते कळले.

मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशासाठीच्या ‘सॅटेलाइट’मध्ये तर दहा जागा, अकरा खेळाडू आणि आपल्याकडे पुरेशा चिप्स असतील, तर हातातले दोन एक्केसुद्धा टाकणे योग्य ठरते. तेव्हा यापुढे असा एखादा डाव छापताना किती खेळाडू उरले होते, कोणाकडे किती चिप्स होत्या आणि बक्षिसांची वाटणी कशी होती, हेही सोबत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पणजी